वालनोंते खोऱ्यात आयबेक्स, मार्मोट आणि रानफुलं पाहायची तर आधी उंची ठरवा

इटलीच्या वायव्य कोपऱ्यात आओस्ता खोरं आहे, त्याच्या पोटात कोन्य गाव, आणि कोन्यहून तीन किलोमीटर आत वालनोंते. दगडी छपरांची मोजकी घरं, मधून वाहणारा दुधट रंगाचा ओढा, आणि समोर खोऱ्याचं तोंड बंद करणाऱ्या हिमनद्या. हे गाव १,६६६ मीटरवर आहे. म्हणजे गावात पाऊल टेकता तेव्हाच तुम्ही कळसूबाईच्या माथ्याहून (१,६४६ मीटर) वीस मीटर वर असता. तिथून वर ग्रान पारादीझोचं शिखर ४,०६१ मीटर. थोडक्या अंतरात जवळजवळ चोवीसशे मीटरचा उभा फरक.

म्हणून "जुलैत तिथे काय दिसतं?" हा प्रश्न अर्धवट आहे. जुलैत किती मीटरवर, हे आधी सांगायला हवं. दर शंभर मीटर चढलं की हवा साधारण ०.६ अंशांनी गार होते. १,५०० मीटरवरचा वसंत २,५०० मीटरवर पोहोचायला महिना-सव्वा महिना लागतो. एकाच दिवशी खाली गवत कापून वाळत पडलेलं असतं आणि वर बर्फाच्या कडेला पहिली फुलं उमलत असतात. तारीख ठरलेली असेल तर उंची निवडा; उंची ठरलेली असेल (गुडघे, लहान मुलं) तर तारीख निवडा. दोन्ही डोळे झाकून ठरवलं की लोक महागडी सहल करून फक्त गाई पाहून येतात.

हेच खोरं का

आल्प्समधला आयबेक्स, म्हणजे कमानदार शिंगांचा रानबोकड, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शिकारीपायी सगळीकडून संपला होता. उरला तो फक्त या डोंगरांत, तोही जेमतेम शंभराच्या आसपास. १८५६ मध्ये राजा व्हित्तोरिओ एमानुएले दुसरा याने हा मुलूख आपल्या शिकारीसाठी राखून ठेवला. हेतू शिकारीचा असला तरी राखणदार नेमले गेले आणि इतरांच्या बंदुका थांबल्या. १९२२ मध्ये इथे इटलीचं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४५ मध्ये मोजणीत ४१९ आयबेक्स भरले. आज आल्प्समध्ये कुठेही आयबेक्स दिसला तरी त्याचं मूळ या डोंगरांतल्या कळपाशी जातं.

राजाने शिकारीसाठी बांधून घेतलेल्या खेचरवाटा अजून वापरात आहेत. रुंद, दगड बसवलेल्या, लांबलचक वळणांच्या. सह्याद्रीतल्या खड्या चढाची सवय असलेल्यांना त्या सुरुवातीला कंटाळवाण्या वाटतात. आडवाटेने वळण कापायचा मोह आवरा: उद्यानात वाट सोडायची नाही हा नियम आहे, आणि तिथली गवताची पातळ कातडी एकदा फाटली की भरून यायला वर्षं लागतात.

कोणत्या महिन्यात किती मीटरवर

मे अखेर ते जूनचा मध्य: १,५०० ते १,८०० मीटर. कोन्यसमोरचं सांत ऑर्सोचं विस्तीर्ण कुरण फुलांनी भरलेलं असतं. २,३०० मीटरच्या वरच्या घळींत मात्र टणक बर्फ असतो. साध्या बुटांनी तो ओलांडू नका.

जून अखेर ते जुलैचा मध्य: १,८०० ते २,३०० मीटर. रोडोडेंड्रॉनचे गुलाबी उतार, मार्टागॉन लिली, जेन्शन, मार्मोटची (बिळात राहणारा, खारीच्या कुळातला गुबगुबीत प्राणी) पिल्लं. एकच आठवडा हाती असेल तर जुलैचा पहिला. याच सुमाराला खालच्या कुरणांत गवतकापणी सुरू होते आणि कालचा गालिचा आज सपाट झालेला दिसतो. चूक कुणाची नाही, तो गाईंचा हिवाळ्याचा चारा आहे.

जुलैचा उत्तरार्ध ते ऑगस्ट: २,३०० मीटरच्या वर. एडलवाइस, उशीसारखी दाट सायलीन, खडकांत हिमनदी-बटरकप. आयबेक्सचे नर उन्हाला कंटाळून आणखी वर सरकतात. ऑगस्टच्या मध्यात सुट्टीमुळे अर्धी इटली डोंगरात असते. तो आठवडा टाळा.

ऑक्टोबर: फुलं नाहीत, पण लार्चची जंगलं पिवळीधमक. मार्मोट महिन्याच्या सुरुवातीलाच बिळात जातात आणि एप्रिलच्या मध्यापर्यंत बाहेर येत नाहीत, तेव्हा मुलांना मार्मोट दाखवायचं वचन देऊन ऑक्टोबरात नेऊ नका.

पिशवीत काय

दुर्बीण ८×४२. "जास्त पट म्हणजे जास्त चांगली" म्हणून लोक १०×५० घेतात. नऊशे मीटर चढून धाप लागलेल्या हातात ती थरथरते आणि काहीच दिसत नाही. ट्रायपॉड उचलायची तयारी असेल तर २०-६० पटींचा स्पॉटिंग स्कोप. फुलांसाठी दहा पटींचं छोटं भिंग. किंमत किरकोळ, आणि कॅमेऱ्यापेक्षा जास्त शिकवतं.

बाकी: घोट्यापर्यंतचे बूट, पावसाचं जाकीट, स्वेटर किंवा फ्लीस (वर जुलैतही पहाटे पाच अंशांखाली जाऊ शकतं), पातळ हातमोजे, टोपी, गॉगल, ५० एसपीएफचं क्रीम, माणशी दोन लिटर पाणी, हेडटॉर्च, १:२५,००० चा कागदी नकाशा. डोंगरातल्या निवाऱ्याला इथे रिफुजो म्हणतात. तिथे मुक्काम असेल तर पातळ चादरीची स्लीपिंग लायनर आणि रोख पैसे. ड्रोन घरीच ठेवा, तो बंद आहे. कुत्र्यांनाही ठरावीक वाटा सोडून मनाई आहे.

शाकाहारींसाठी: भाजीच्या सूपमध्येही मांसाचं पाणी असू शकतं, म्हणून "सेन्त्सा कार्ने" (मांस नको) एवढ्यावर न थांबता "सेन्त्सा ब्रोदो दी कार्ने" असं विचारा. हमखास मिळतो तो पोलेंता, म्हणजे मक्याच्या कण्यांची घट्ट उकड, वर फोंतीना चीज. सोबत लसणाच्या चटणीची डबी असेल तर बिघडत नाही.

पहिला दिवस: डोळा तयार करा, चढू नका

आओस्ताहून कोन्यची बस पाऊण तासाच्या आसपास घेते. तिथून वालनोंते चालत पाऊण तास. पहिल्या दिवशी वर पळायचं नाही. गावाला लागूनच १,७०० मीटरवर पारादीझिया ही आल्पीय वनस्पतींची बाग आहे, १९५५ मध्ये सुरू झालेली, उन्हाळ्यातच उघडी. बागेचं नाव पारादीझिया या पांढऱ्या लिलीवरून पडलंय. इथे प्रत्येक झाडापुढे नावाची पाटी असते. दोन तास द्या आणि नावं पाठ करण्याऐवजी चार फरक पक्के करा.

पहिला फरक सूचिपर्णींचा. फांदी हातात घ्या आणि सुया मोजा. तीस-चाळीस मऊ सुयांचा झुपका एकाच गाठीतून निघत असेल तर लार्च. हिवाळ्यात पानं गाळणारं हे इथलं सूचिपर्णी. पाच-पाचच्या जुड्या असतील तर अरोला पाइन. एकेकटी, बोटांत फिरवली की कडा लागणारी सुई म्हणजे स्प्रूस.

दुसरा फरक जिवावरचा. पिवळा जेन्शन आणि पांढरा वेराट्रम फुलं नसताना जुळ्या भावांसारखे दिसतात: कमरेएवढी उंची, रुंद पानं, ठळक समांतर शिरा. जेन्शनच्या मुळापासून इथे कडू दारू करतात, आणि मुळं खणणाऱ्यांनी वेराट्रम उचलल्याने विषबाधा झाल्या आहेत. ओळख अशी: खोडावर पानं समोरासमोर जोडीने असतील, गुळगुळीत निळसर असतील, तर जेन्शन. एकाआड एक असतील, पंख्यासारखी घडीदार आणि खालून लवदार असतील, तर वेराट्रम. बघून ओळखा, उपटायचं दोन्हीपैकी काहीच नाही.

तिसरा, टोपीच्या आकाराची गडद निळी-जांभळी फुलं: अकोनाइट, आपल्या वचनागाचा सख्खा भाऊबंद आणि तितकाच विषारी. मुलांना हात लावू देऊ नका.

चौथा, एडलवाइस. पांढऱ्या पाकळ्या म्हणून ज्यांचे फोटो निघतात ती लोकरी लव असलेली पानं असतात. खरी फुलं मधल्या पिवळट बोंडांत, भिंगाखाली दिसणारी. ही लव झाडाला सुकण्यापासून आणि प्रखर उन्हापासून वाचवते.

दुसरा दिवस: जंगलातून २,५८० मीटरपर्यंत

व्हित्तोरिओ सेल्ला रिफुजो सुमारे २,५८० मीटरवर आहे. चढ नऊशे मीटरहून थोडा जास्त, न थांबता अडीच-तीन तास. पाहत जायचं तर पाच तास धरा. मुक्कामाची जागा उन्हाळ्यात आधी राखून ठेवावी लागते. (सेल्ला म्हणजे १८९९ मध्ये कांचनगंगेभोवती फिरून आणि १९०९ मध्ये के-टूवर जाऊन फोटो काढणारे तेच.)

सकाळी सातला निघा. बागेच्या बाजूने वाट लार्चच्या जंगलात शिरते. इथे वर न बघता खाली बघा: रोडोडेंड्रॉनचं पान उलटं करा, मागची बाजू गंजल्यासारखी तांबूस दिसेल. हिमालयातला बुरांश झाड होतो. हा त्याचा भाऊ गुडघ्याच्या वर फारसा जात नाही, कारण हिवाळ्यात त्याला बर्फाखाली दडायचं असतं. बर्फाबाहेर राहिलेली डहाळी गारठ्याने वाळते. त्याच्या शेजारच्या बुटक्या झुडपात निळी बोरं असतील तर ती बिलबेरी.

जंगल विरळ होऊ लागलं की खडकाच्या माथ्यावर, जिथे बी वाऱ्याने पोहोचणं शक्य वाटत नाही तिथे, अरोला पाइनची तीन-चार रोपं एकाच मुठीत उगवलेली दिसतील. अरोलाच्या बीला पंख नसतात आणि शंकू आपणहून उघडत नाही. ही लागवड नटक्रॅकर या ठिपकेदार तपकिरी पक्ष्याची. तो शंकू फोडून बिया गळ्याखालच्या पिशवीत भरतो आणि हिवाळ्यासाठी हजारो ठिकाणी पुरून ठेवतो. बहुतेक त्याला बर्फाखालूनही सापडतात. राहिलेल्यांचं जंगल होतं. कर्कश "क्रर्र-क्रर्र" ऐकू आलं तर झाडाच्या शेंड्याकडे दुर्बीण लावा, तो उघड्यावर बसतो.

साधारण २,२०० मीटरच्या पुढे झाडं संपतात आणि मार्मोट सुरू होतात. शिट्टी ऐकली की लगेच शिट्टीच्या दिशेने पाहू नका. एकच तीक्ष्ण शिट्टी बहुधा आकाशातल्या धोक्याची असते, तेव्हा वर पाहा. गरुड दिसण्याची ती उत्तम वेळ. एकामागून एक शिट्ट्या असतील तर धोका जमिनीवर आहे: कोल्हा, कुत्रा किंवा तुम्ही. मार्मोट पाहायचा सोपा मार्ग म्हणजे बिळांपासून तीसेक मीटरवर दगडाला टेकून बसणं आणि पंधरा मिनिटं न हलणं. त्यांना बिस्किट देऊ नका. सहा महिने अन्नाशिवाय झोपण्यासाठी लागणारी चरबी त्यांना गवत-फुलांतूनच साठवायची असते.

दहा-साडेदहाला ऊन तापून हवा वर चढू लागली की शिकारी पक्षी निघतात. सोनेरी गरुड पंख किंचित वर उचलून, उथळ इंग्रजी व्हीसारखे धरतो, शेपटी गोलसर. लॅमरगायर या गिधाडाचे पंख लांब, अरुंद, टोकाला निमुळते आणि सपाट धरलेले. शेपटी पाचरीसारखी लांब. पंखांचा विस्तार पावणेतीन मीटरपर्यंत. हाडं उंचावरून खडकावर टाकून फोडून खाणारा हा पक्षी हिमालयात जाणाऱ्यांना ओळखीचा असेल. आल्प्समधला शेवटचा लॅमरगायर १९१३ मध्ये याच आओस्ता परिसरात मारला गेला. १९८६ पासून पाळीव जोड्यांची पिल्लं सोडून तो पुन्हा बसवला. लहान वयाचा पक्षी पूर्ण काळपट असतो, म्हणून रंगावर जाऊ नका, शेपटी पाहा.

बारा ते तीन ही वेळ फुलांची. प्राणी तेव्हा सावलीत रवंथ करतात, त्यांच्या मागे धावून पायच दुखतात. छोटे निळे जेन्शन मात्र ऊन असेल तरच उघडतात; ढग आला की काही मिनिटांत मिटतात आणि हिरव्या गवतात नाहीसे होतात. "काल इथेच होती" असं म्हणणाऱ्यांनी बहुधा ढगाळ सकाळी शोधलेलं असतं. बर्फाचा तुकडा शिल्लक असेल तर त्याच्या कडेने एक हात रुंदीची पट्टी गुडघ्यावर बसून तपासा. सोल्डानेलाच्या झालरदार जांभळ्या घंटा तिथेच मिळतात, कधी बर्फातून डोकं काढलेल्या. दोन आठवड्यांनी त्याच जागी नुसती पानं उरतात.

जुलै-ऑगस्टमध्ये दुपारनंतर वीज-पावसाची शक्यता रोजच धरून चाला. ढग फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे वर वाढताना दिसले तर धारेवर थांबू नका. मदतीसाठी ११२.

संध्याकाळ आणि पहाट: आयबेक्स

सहानंतर रिफुजोच्या आसपासच्या गवतावर नर उतरतात. आधी रुंद नजरेने उतार पाहून घ्या, मग दुर्बिणीने वरून खाली, डावीकडून उजवीकडे, पट्टे पाडत जा. पूर्ण प्राणी शोधू नका. दगडांत न बसणारी एखादी वक्र रेषा किंवा हलणारा कान शोधा.

मादी आयबेक्स आणि शॅमॉय (इथलाच दुसरा, शेळीसारखा रानटी प्राणी) यांत सगळे फसतात. मादी आयबेक्सची शिंगं वीतभर-दीड वीत, मागे झुकलेली, चेहरा एकरंगी तपकिरी. शॅमॉयची शिंगं कपाळातून सरळ वर जातात आणि टोकाला आकड्यासारखी मागे वळतात. फिकट चेहऱ्यावर डोळ्यापासून नाकापर्यंत काळा पट्टा. वागणंही वेगळं: तुम्हाला पाहून शॅमॉय शे-दोनशे मीटरवरूनच पळतो, आयबेक्स शांतपणे चरत राहतो. हीच बेफिकिरी त्याला बंदुकीच्या काळात महाग पडली.

नराचं वय शिंगांवरून काढता येतं, पण बहुतेकजण समोरच्या गाठी मोजतात आणि वय जवळजवळ दुप्पट सांगतात. गाठी एका वर्षात साधारण दोन येतात. मोजायच्या त्या शिंगाच्या बाजूला आणि मागे असलेल्या बारीक, खोल रेघा. हिवाळ्यात शिंगाची वाढ थांबते, त्याची ती खूण. टोकापासून बुडाकडे मोजा. पहिल्या वर्षाचा तुकडा घासून गेलेला असू शकतो. वय वाढेल तसे दोन रेघांमधलं अंतर कमी होत जातं, म्हणून बुडाजवळच्या रेघा दाट दिसतात. घाई केली की तिथेच चुकतं. पूर्ण वाढलेल्या नराचं शिंग मीटरभरापर्यंत भरतं. मोजणीसाठी स्कोप लागेल, आणि प्राणी बाजूने उभा हवा.

जवळ आला तरी पन्नास मीटर राखा. त्याहून महत्त्वाचं, चरणाऱ्या कळपाच्या थेट खाली उभे राहू नका. त्यांच्या खुरांनी सुटणारे दगड मुठीएवढे असतात आणि आवाज न करता येतात.

तिसऱ्या दिवशी पहाटे पाचला उठून तासभर तीच जागा पुन्हा पाहा. सूर्य खोऱ्यात उतरण्याआधीचा हा तास सगळ्यांत भरघोस. नंतर आल्या वाटेने उतरा. नकाशात एर्बेतेच्या दिशेने जाणारी आडवी वाट सुंदर दिसते, पण ती कड्याच्या पोटातून जाते, काही ठिकाणी साखळीला धरावं लागतं, आणि पूर्ण फेरी सात-आठ तासांची आहे. हरिश्चंद्रगडाची नळीची वाट सहज उतरणाऱ्यांनी कोरड्या हवेत जावं, बाकीच्यांनी नाही.

चढता येत नसेल तर

आई-वडिलांना घेऊन येणार असाल तर जुलै सोडा आणि एप्रिल अखेर किंवा मेच्या पूर्वार्धात या. तेव्हा वरती अजून बर्फ असतो आणि पहिलं कोवळं गवत खोऱ्याच्या तळाशीच फुटतं, म्हणून भुकेले आयबेक्स आणि शॅमॉय वालनोंतेच्या आसपासच्या कुरणांपर्यंत उतरतात. गावापासून ओढ्याच्या कडेने जाणारी वाट बरीचशी सपाट आहे. सकाळी सात ते नऊ आणि संध्याकाळी सहानंतर तिथे दुर्बीण घेऊन बसलं तरी पुरतं. फुलं तेव्हा क्रोकसपुरतीच, आणि बाग बंद. मात्र वरच्या घळींतून दुपारी हिमकडे कोसळतात, तेव्हा खोऱ्याच्या आतल्या टोकाकडे जाण्याआधी आदल्या संध्याकाळी आओस्ता प्रदेशाचं हिमस्खलनाचं पत्रक पाहा, आणि अकराच्या आत गावात परत या.